थर झाकण्याआधी

सिव्हिलला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना विचारा, पुढे काय करणार? बहुतेक जण इमारती म्हणतात, काही पूल किंवा धरण म्हणतात. रस्त्याचे नाव क्वचितच निघते. मुरूम टाकायचा, खडी पसरायची, डांबर ओतायचे आणि रोलर फिरवायचा, यात शिकण्यासारखे ते काय, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. मुलांपेक्षा ती पालकांमध्ये जास्त आहे. तिची किंमत आपण दर पावसाळ्यात मोजतो, असे मला मनापासून वाटते.

रस्ता थराथराने होतो. खाली मातीचा भराव, त्यावर मुरूम-खडीचा निचरा करणारा थर, त्यावर पाणी घालून दाबलेली मिश्र खडी आणि सगळ्यात वर डांबरी मालाचे दोन-तीन थर. प्रत्येक थर दोन-चार दिवसांत पुढच्या थराखाली गाडला जातो. तो नीट दाबला होता का, त्यात पाणी किती होते, माल किती गरम असताना पडला, हे नंतर वरून बघून कोणाला सांगता येत नाही. रस्ता फुटतो तेव्हाच कळते. म्हणजे थर पास करायचा की उखडून पुन्हा करायचा, हा निर्णय मधल्या थोड्या तासांत होतो. त्या तासांत तिथे उभा असतो तो बहुधा नुकताच डिप्लोमा किंवा डिग्री संपवलेला विशीच्या आसपासचा मुलगा किंवा मुलगी. मुख्य अभियंता तिथे नसतो, ठेकेदार तर नसतोच. इतक्या लवकर इतकी जबाबदारी अंगावर पडणारी कामे सिव्हिलमध्ये फार नाहीत.

हे आजचे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचे रस्ते हाती घेतले. खालची माती कोरडी राहिली तर ती कितीही भार पेलते, आणि ती कोरडी ठेवायला वर बारीक फोडलेल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या खडीचा थर पुरतो, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी ६ औंसांहून जड दगड चालणार नाही, असा नियम त्याने घातला आणि देखरेख करणाऱ्यांच्या हाती तराजू दिला. आपल्या ग्रामीण रस्त्यांवर ज्याला खडीकरण म्हणतात ते याच पद्धतीतून आलेले आहे. रस्ता बांधायची युक्ती सापडली त्याच वेळी, थर झाकण्याआधी मोजणारा माणूसही लागतो, हे त्याने ओळखले होते.

आपल्याकडे अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवातच अशा माणसांच्या गरजेतून झाली. पुण्याचे आजचे सीओईपी १८५४ साली सुरू झाले ते सार्वजनिक बांधकाम खात्याला लागणारे कनिष्ठ अधिकारी घडवण्यासाठी. पुढे रस्त्यांचा देशपातळीवर विचार करायला १९२७ साली समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात, रस्त्यांच्या संदर्भात मात्र त्यांचे नाव कोणी घेत नाही. पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभारावा, रस्ता-अभियंत्यांना अनुभवांची देवघेव करता येईल अशी संस्था असावी आणि संशोधनाची सोय व्हावी, या त्यांच्या समितीच्या शिफारशी. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) स्थापन झाली, आणि स्वातंत्र्यानंतर दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था उभी राहिली. १९४३ साली नागपुरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते जमले आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही विभागणी पुढे आली. आजही विद्यार्थी जी आयआरसीची मानके उघडतो, ती या सगळ्याची फळे आहेत.

आता कामाकडे वळू, आणि सुरुवात मातीपासून करू. रस्त्याचे खरे दुखणे बहुतेक वेळा तिथेच असते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या काळ्या मातीने शेतकऱ्याला कापूस दिला, पण रस्त्याला ती फार छळते. पाणी लागले की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. मातीची ताकद मोजायची ठरलेली चाचणी म्हणजे सीबीआर. साच्यात दाबलेली माती चार दिवस पाण्यात बुडवून ठेवायची, मग ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या मिनिटाला १.२५ मिलिमीटर या वेगाने तिच्यात घुसवायचा आणि किती जोर लागतो ते बघायचे. उत्तम फोडलेल्या खडीला १०० मानले, तर भिजलेली काळी माती अनेकदा २ किंवा ३ वर येते. अशा मातीवर थेट रस्ता केला तर वर कितीही महाग डांबर घाला, तो टिकत नाही. मग माती काढून बाहेरून चांगला मुरूम आणायचा, की चुना मिसळून त्याच मातीची फुगवण मारायची? मुरूम किती लांबून येणार, चुना नीट मिसळायला यंत्र आहे का, पाऊस किती दिवसांवर आहे, या सगळ्याचा हिशोब मटेरियल इंजिनिअरला घालावा लागतो. पुस्तकातले एक प्रकरण आणि तालुक्याचा भूगोल इथे एकाच टेबलावर येतात.

मग येते दबाई. माती कोरडी असेल तर रोलर कितीही फिरवा, कण एकमेकांवर सरकत नाहीत. फार ओली असेल तर पोकळ्यांत पाणीच भरते आणि माती रोलरखाली लाटेसारखी हलते. दोन्हींच्या मध्ये पाण्याचे एक प्रमाण असे असते की त्यावर माती सगळ्यात जास्त दाबली जाते. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात धरणाच्या भरावांवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टरने १९३३ साली हे मांडले, आणि आज प्रत्येक साईट लॅबमध्ये पहिल्या महिन्यात शिकायची चाचणी म्हणजे प्रॉक्टर.

लॅबमध्ये जी कमाल घनता आली, तिच्या किमान ९७ टक्के घनता साईटवर रस्त्याखालच्या मातीच्या थरात मिळाली पाहिजे. ते तपासायची रीत जवळून बघण्यासारखी आहे. दाबलेल्या थराचा छोटा तुकडा झाडून सपाट करायचा. मधोमध गोल भोक असलेला चौकोनी ट्रे त्यावर ठेवायचा. भोकातून छिन्नी-हातोडीने साधारण १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा आणि निघालेली माती, कण न् कण, पिशवीत भरून वजन करायचे. मग ठरावीक चाळणीतून गाळलेल्या कोरड्या वाळूचे नळकांडे त्यावर ठेवून खालची झडप उघडायची. वाळू खड्ड्यात उतरते, थांबते. किती वाळू गेली यावरून खड्ड्याचे आकारमान निघते, आणि मातीच्या वजनाला त्याने भागले की घनता. माती किती ओली आहे हे बघायला तिचा छोटा नमुना कॅल्शियम कार्बाइडसोबत बंद बाटलीत हलवतात. ओलाव्याशी कार्बाइडची क्रिया होऊन वायू निघतो आणि बाटलीच्या तळाशी लावलेला काटा त्याचा दाब दाखवतो. खड्डा घेताना शेजारून रोलर जात असेल तर त्याच्या कंपनाने वाळू जास्त बसते आणि आकडा चुकतो, म्हणून रोलर थांबवावा लागतो. बारीकशी गोष्ट, पण कामाचा रेटा मागे असताना रोलरवाल्याला हात करून थांबवणे नव्या मुलाला सोपे जात नाही. ते जमले की तो साईट इंजिनिअर झाला असे समजावे.

वरच्या डांबरी थरात अशीच कसोटी तापमानाची असते. पण त्याआधी मिश्रण ठरते ते लॅबमध्ये. सुमारे १,२०० ग्रॅम गरम माल साच्यात घ्यायचा, ४.५४ किलोचा हातोडा ४५७ मिलिमीटरवरून सोडत प्रत्येक बाजूला ७५ ठोके मारायचे, निघालेली गोल वडी ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा तास ठेवायची आणि मग यंत्रात दाबून ती किती भार घेते, मोडण्याआधी किती दबते ते नोंदवायचे. ही मार्शल चाचणी. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यातल्या ब्रूस मार्शलने ती बसवली. साठच अंश का, असे विद्यार्थ्याला वाटते; भर उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग किती तापतो याचा तो अंदाज आहे.

डांबराचे प्रमाण वरच्या थरात साधारण ५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि सगळी कसरत त्यातल्या पाव-अर्ध्या टक्क्याची आहे. लाडू वळताना तूप कमी पडले तर तो हातात फुटतो आणि जास्त झाले तर ताटात बसतो, तसेच हे. दाबलेल्या मालात ३ ते ५ टक्के हवेची पोकळी ठेवावी लागते. ती ३ च्या खाली गेली तर वैशाखात डांबर वर येऊन रस्ता चकाकतो आणि ट्रकच्या चाकांखाली खोल चाकोऱ्या पडतात. फार जास्त राहिली तर पहिल्याच पावसात पाणी आत शिरते. गाडी गेली की ते पाणी दाबाने खडी-डांबराच्या मध्ये घुसते, चाक पुढे गेले की ओढले जाते. दिवसातून हजारो वेळा हे झाले की डांबर खडी सोडते, आधी एक दगड निघतो, मग शेजारचा. आपण ज्याला खड्डा म्हणतो तो असा सुरू होतो. पावसाळ्यात दिसणाऱ्या बहुतेक खड्ड्यांचे मूळ आदल्या उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी सापडेल.

त्या दुपारी काय होते? हॉटमिक्स प्लांटवर माल तयार होतो. आपल्याकडे नेहमीच्या वापरातले व्हीजी-३० डांबर असेल तर मिश्रणाचे तापमान १५० ते १६५ अंश हवे. डंपरवर ताडपत्री पांघरून तो निघतो. साईटवर पेव्हरमध्ये, म्हणजे थर पसरणाऱ्या यंत्रात, पडताना माल किमान १४० अंश असावा, आणि तो ९० च्या खाली उतरण्याआधी रोलिंग संपावे. हे दोन आकडे ज्याला पाठ आहेत, त्याच्याकडे डांबरी कामाचे अर्धे शहाणपण आले. डंपर येऊन उभा राहतो, हेल्पर ताडपत्री ओढतो, आणि तपासणारी मुलगी शिडीवरून चढून धातूची कांडी मालात खुपसते. तिला काटा वाचण्याआधीच बरेच काही कळलेले असते. निळसर धूर निघत असेल तर प्लांटवर डांबर जळले. पांढरी वाफ असेल तर खडी ओली होती, ती नीट सुकली नाही. वरती कडक पापुद्रा आणि गोळे दिसत असतील तर गाडी वाटेत अडकली आणि माल थंड पडला. १२५ अंशांचा डंपर परत पाठवायचा, तर मागे पेव्हर थांबतो, रोलर थांबतात, वीस-पंचवीस माणसे थांबतात आणि फोन वाजू लागतात. आणि तो उतरवून घेतला तर तेवढा पट्टा नीट दाबला जाणार नाही, पोकळी राहणार, पाणी तिथूनच शिरणार. रस्त्यावर चांगला लांबलचक गुळगुळीत भाग आणि मध्येच डंपरभर लांबीचा उखडलेला तुकडा आपण अनेकदा पाहतो. अशा तुकड्यामागे पुष्कळदा एखादा उतरवून घेतलेला डंपर असतो.

पेव्हरचेही तसेच. पुढच्या हॉपरमध्ये पडलेला माल पट्ट्यावरून मागे जातो, आडवा स्क्रू तो दोन्ही बाजूंना पसरवतो आणि मागची तापवलेली, थरथरणारी जड पाटी, म्हणजे स्क्रीड, त्याला जाडी आणि उतार देते. स्क्रीड मालावर तरंगत चालते. म्हणून पेव्हर एका संथ गतीने चालत राहिला पाहिजे. थांबला की स्क्रीड खाली बसते आणि रस्त्यावर आडवा उंचवटा उमटतो, डंपरने मागे येताना पेव्हरला ठोकर दिली तरी उमटतो. कारमध्ये बसल्यावर आपल्याला जो बारीक हिसका जाणवतो, त्यातले पुष्कळ हिसके असे आलेले असतात. अमरावती ते अकोला या पट्ट्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एका मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला. वेगाचे कौतुक झाले, पण मला त्यातली न थांबण्याची गोष्ट मोठी वाटते. प्लांट, डंपर, पेव्हर, रोलर यांची साखळी इतके तास कुठेच तुटू द्यायची नाही, हे नियोजनाचे काम आहे आणि तेही शिकावे लागते.

काँक्रीटच्या रस्त्यात कसोटीची वेळ वेगळी असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून आपल्याकडे मोठ्या काँक्रीट रस्त्यांचे दिवस आले, आता शहरांतल्या गल्ल्याही काँक्रीटच्या होत आहेत. काँक्रीट घट्ट होताना आकसते आणि तडकणारच. मग ते आपल्याला हवे तिथे तडकावे म्हणून सुमारे साडेचार मीटरवर करवतीने आडवी खाच घ्यायची. लवकर कापले तर कडा ढासळतात. उशीर झाला तर काँक्रीट आपल्या मनाने वेडेवाकडे तडकते. ही मधली वेळ हवा, ऊन, वारा यांवर ठरते, काँक्रीट टाकल्यावर चार-सहा तासांनी येते किंवा दहा-बारा तासांनी, आणि ती रात्री दोनला आली तर करवत रात्री दोनला चालते. नखाने, खिळ्याने कडा ओरखडून बघत बसणारा अनुभवी मुकादम ज्या विद्यार्थ्याला शेजारी मिळाला, त्याने त्याचा हात सोडू नये.

ज्यांना साईटपेक्षा गणिताची ओढ जास्त आहे त्यांच्यासाठी आणखी एक मोठे दालन आहे, फरसबंदीच्या आखणीचे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ऑटावाजवळ मुद्दाम रस्त्यांची वेटोळी बांधून त्यांवर लष्करी चालकांनी भरलेले ट्रक रात्रंदिवस फिरवले. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही सगळ्या जगाच्या कामी येतो. धुरीवरचा (अ‍ॅक्सलवरचा) भार दुप्पट झाला तर रस्त्याचे नुकसान दुपटीने वाढत नाही, साधारण चौथ्या घाताने, म्हणजे सोळा पटींनी वाढते. भारतात २०१८ साली चार टायरच्या एकेरी धुरीवरचा परवानगीचा भार १०.२ टनांवरून ११.५ टन झाला. वाढ १३ टक्क्यांच्या आतली, पण चौथा घात केला तर भरलेल्या धुरीमागे होणारी झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. आणि नियमाबाहेर भरलेल्या वाळूच्या, उसाच्या गाड्यांचे गणित विद्यार्थ्याने स्वतः करून पाहावे. मोटारी आणि दुचाक्या रस्ता झिजवत नाहीत म्हटले तरी चालेल, त्याचे आयुष्य ठरवतात त्या मोजक्या जड धुऱ्या. आखणी करणारा अभियंता म्हणूनच गाड्या मोजताना त्यांचे वजनही करून घेतो.

या क्षेत्रात शिरायची दारे अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. रस्त्याची मध्यरेषा, वळण, उतार प्रत्यक्ष जमिनीवर उतरवणारा सर्व्हेअर चांगला असेल तर साईट त्याच्यावर चालते. यंत्रांची आवड असेल तर ऑपरेटर व्हावे, आणि ते कमीपणाचे मानू नये. मोटर ग्रेडरच्या पात्याने सेंटिमीटरचा उतार नजरेने काढणारा माणूस, किंवा पेव्हरची स्क्रीड हाताळणारा माणूस, घडायला वर्षे लागतात. असा माणूस मिळत नाही म्हणून काम खोळंबल्याचे कोणताही ठेकेदार सांगेल. पूर्वी हे काम हेल्पर म्हणून लागून उस्तादाच्या हाताखालीच शिकावे लागे. आता यंत्र ऑपरेटरांसाठी कौशल्य परिषदेचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत, यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रेही आहेत.

दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा ही माझ्या मते या व्यवसायाची सगळ्यात सरळ वाट. एकोणिसाव्या वर्षी मुलगा साईटवर जातो, लॅब टेक्निशियन किंवा ज्युनिअर इंजिनिअर होतो, आणि वाटले तर पुढे थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीत शिरतो. दोन वर्षे साईटवर काढून डिग्रीला आलेला विद्यार्थी वर्गात वेगळाच असतो. पाठ्यपुस्तकातली वाळूची चाचणी त्याच्या हातातून गेलेली असते. डिग्रीनंतर सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या भरत्या आहेत, एमपीएससी आहे. खासगीत तीन खुर्च्या असतात: ठेकेदाराची, सल्लागाराची आणि मालक संस्थेची. तोच थर तिघे तीन नजरांनी बघतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षे ठेकेदाराकडे काढावीत, काम कसे होते ते तिथेच कळते. मग सल्लागाराकडे गेलेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही. पुढे एम.टेक. करायचे तर मुंबई आणि खरगपूरची आयआयटी, नागपूरचे व्हीएनआयटी अशा ठिकाणी वाहतूक अभियांत्रिकी शिकवतात. रस्त्यावर वजन आपटून त्याची लवचीकता मोजणारी यंत्रे, लेझरने खडबडीतपणा टिपत धावणाऱ्या सर्वेक्षण गाड्या हे आता नेहमीचे झाले आहे. महामार्गांच्या अनेक करारांत बांधणाऱ्यालाच पुढची पंधरा वर्षे देखभाल करावी लागते, त्यामुळे रस्ता कधी दुखणार हे आधी सांगणाऱ्या माणसांना मागणी आहे.

नवे करायलाही खूप जागा आहे. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिक बारीक करून तापलेल्या खडीवर त्याचा पातळ लेप द्यायची पद्धत काढली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते सिव्हिलचे नव्हते, हे लक्षात घ्यावे. सुरतजवळ हजिऱ्याला पोलाद कारखान्याच्या मळीचा रस्ता झाला. डोंगर फोडून काढलेल्या आपल्या खडीला मर्यादा आहे, जुना डांबरी थर खरवडून तोच पुन्हा वापरायचे काम येत्या काळात वाढत जाणार, आणि त्यात रसायन, यंत्र, माती तिन्ही कळणारी मुले लागतील.

कष्टांबद्दल आडपडदा नको. साईट घरापासून लांब असते, कॅम्पात राहावे लागते, आणि डांबरी कामाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होऊन मेअखेरपर्यंत असल्यामुळे सगळी लग्ने आणि जत्रा चुकतात. उन्हात १५० अंशांच्या मालाशेजारी उभे राहायचे असते. खडीची धूळ फुप्फुसात साठते, तिथे मास्क टाळू नये. चालत्या वाहतुकीत काम असते, चकाकते जॅकेट आणि आडकठड्यांशिवाय रस्त्यावर पाऊल टाकू नये, साहेब घाई करत असला तरी. गरम डांबर अंगावर उडाले तर ते खरवडून काढायचे नाही, लगेच भरपूर गार पाणी ओतत राहायचे आणि डॉक्टरकडे न्यायचे. प्रत्येक गँगमधल्या माणसाला हे सांगून ठेवणे साईट इंजिनिअरचे काम आहे, कारण सोसावे लागते ते बहुतेक त्या गँगला. मुली आता लॅबमध्ये आणि क्वालिटीच्या कामात दिसतात. पेव्हरजवळ अजून कमी दिसतात. त्याचे कारण कामाच्या अवघडपणात शोधण्याआधी, दहा किलोमीटरच्या साईटवर त्यांच्यासाठी एक तरी स्वच्छतागृह आहे का ते बघावे.

आणि या व्यवसायातला खरा मोह नोंदवहीत असतो. दिवसभर धावपळ झाली, वीस डंपर उतरले, तापमान घेतले आठांचेच. संध्याकाळी उरलेले बारा आकडे टेबलावर बसून भरता येतात. असे रजिस्टर जाणत्या माणसाला पानावरूनच ओळखू येते: १५१, १५२, १५०, १५२. खरे आकडे असे शिस्तीत उभे राहत नाहीत. दुपारी उतरतात, गाडी अडकली की कोसळतात, एखादा १३६ असतो आणि त्यापुढे शेरा असतो, परत पाठवला. नव्या मुलाने अशा १३६ ला घाबरू नये. ज्या साहेबाला तो आकडा खटकतो त्याच्याकडे फार काळ राहूही नये. पुण्यातला जंगली महाराज रस्ता सत्तरच्या दशकात रेकाँडो कंपनीने बांधला आणि पुढची कित्येक दशके त्याचे नाव निघत राहिले. त्यात कुठले गुपित मसाले नव्हते. निचरा, प्रमाण, तापमान आणि दबाई, हीच चार कामे तिथेही होती, आणि ती सलग नीट झाली होती.

अभियांत्रिकी महाविद्यालयांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक आवारात एखादा तरी रस्ता असतो आणि तो काही वर्षांनी नव्याने होतोच. त्याचे काम सुट्टीत उरकून घेण्याऐवजी सत्र चालू असताना, दिवाळीनंतर काढावे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी खालची माती आणून चार दिवस भिजवावी, तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वाळूची चाचणी घ्यावी, शेवटच्या वर्षाने डंपरवर चढून तापमान घ्यावे आणि ठेकेदाराच्या बिलाला ती नोंदवही जोडावी. मग दर जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, नव्या तुकडीने तोच रस्ता पायी फिरून कुठे पाणी साचते, कुठे खडी सुटते ते नकाशावर मांडावे आणि आधीच्या तुकडीच्या नोंदींशी ताडून बघावे. यासाठी वेगळे अनुदान लागत नाही. लॅबमधली वाळूची नळकांडी आणि थर्मामीटर बहुतेक ठिकाणी कपाटात पडून आहेतच.